भार घेणारी भिंत आणि भरावाची भिंत: रेव्हिटमध्ये विटांचं घर काढण्याआधी

प्लॅनमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात. दोन समांतर रेघा, मध्ये तिरपं हॅचिंग, शेजारी २३० हा आकडा. पण एक भिंत पाडली तर हॉल मोठा होतो आणि दुसरी पाडली तर वरचा स्लॅबच हॉलमध्ये येतो. रेव्हिट (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) शिकायला येणारी मुलं मला जे प्रश्न विचारतात (भिंत स्लॅबपर्यंत काढू की स्लॅबच्या वर नेऊ, कॉलम आधी की भिंत आधी, विटेचं माप नेमकं कुठे टाकायचं), त्यातले निम्मे या एका गोंधळातून आलेले असतात.

माझीही सुरुवात यातूनच झाली. एकमजली विटांच्या बंगल्याचं पहिलं मॉडेल मी मोठ्या हौसेनं केलं होतं. की-बोर्डवर ‘डब्ल्यू-ए’ दाबायचं आणि भिंती ओढत सुटायचं. फाइल स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. “अहो, तुमचे स्लॅब कशावर टेकलेत? हवेवर?” त्यांच्या व्ह्यूमध्ये एकही भिंत दिसत नव्हती. जोतं आणि वर तरंगणारा स्लॅब, बस्स. मला वाटलं, फाइल खराब झाली. तसं नव्हतं. ‘डब्ल्यू-ए’नं येणारी भिंत आर्किटेक्चरल असते, म्हणजे रेव्हिटच्या लेखी भार न घेणारी. आणि व्ह्यूची डिसिप्लिन (तो व्ह्यू कुणाच्या कामाचा, ते ठरवणारी सेटिंग) ‘स्ट्रक्चरल’ ठेवली की रेव्हिट भार न घेणाऱ्या भिंती लपवतं. ज्या भिंतींवर अख्खं घर उभं होतं, त्याच मी पार्टिशन म्हणून नोंदवल्या होत्या.

दुरुस्ती अगदी सोपी निघाली. सगळ्या भिंती निवडून प्रॉपर्टीजमध्ये ‘स्ट्रक्चरल’ या चौकोनात खूण केली आणि खाली ‘स्ट्रक्चरल युसेज’ बेअरिंग (भार घेणारी) आहे ना ते पाहिलं. पुन्हा काढावं काहीच लागलं नाही. मात्र तुम्ही मुळातच ‘वॉल: स्ट्रक्चरल’ हे टूल घेतलंत तर एक वेगळी गंमत होते. तिथे वरच्या पट्टीत ‘हाइट’च्या जागी ‘डेप्थ’ असतं, त्यामुळे भिंत चालू लेव्हलपासून वर न जाता खाली जाते. तळमजल्याच्या प्लॅनमध्ये ती दिसत नाही. मग मुलं तीच भिंत तीन-तीनदा काढतात आणि जमिनीखाली तीन भिंती एकावर एक बसलेल्या सापडतात.

खूण करणं सोपं. ती कुठे करायची, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. ते गवंडी कसं बांधतो यावरून ठरतं.

लोड-बेअरिंग, म्हणजे भार घेणाऱ्या भिंतींच्या घरात आधी पाया, मग जोतं, मग भिंत. भिंत थराथरानं वर जाते, खिडक्यांवर लिंटेल (वरचा भार पेलणारी आडवी पट्टी) पडतं, आणि भिंत पूर्ण झाल्यावर तिच्या डोक्यावर स्लॅब ओततात. स्लॅबचं वजन भिंतीतून पायात जातं. आरसीसी फ्रेमच्या घरात क्रम उलटा. फूटिंग, कॉलम, बीम, स्लॅब असा सांगाडा आधी उभा राहतो आणि विटा नंतर त्या चौकटीत भरतात. बीमखालचा शेवटचा थर तर मुद्दाम काही दिवस थांबून भरतात, कारण खालचा माल सुकताना थोडा बसतो. ही भरावाची भिंत फक्त स्वतःचं वजन पेलते. एरवी ऊन-पाऊस अडवायचा आणि शेजारच्या खोलीतला आवाज कमी करायचा, एवढंच तिचं काम.

मॉडेलमध्येही मी हाच क्रम ठेवतो. फ्रेमच्या घरात ग्रिड, कॉलम, बीम, स्लॅब आणि सगळ्यात शेवटी भिंत. लोड-बेअरिंग घरात भिंत आधी, स्लॅब नंतर. हा माझा हट्ट आहे असं मुलांना वाटतं. पण जोडांचे अर्धेअधिक प्रश्न या क्रमानंच सुटतात.

स्लॅबचंच पाहा. लोड-बेअरिंग घरात स्लॅबची कड भिंतीच्या आतल्या तोंडाशी थांबली तर तो टेकणार कशावर? ती भिंतीच्या गाभ्यावर (गिलावा सोडून उरणाऱ्या विटांच्या जाडीवर) पसरायला हवी. म्हणून फ्लोअर काढताना ‘पिक वॉल्स’ घ्यायचं, गाभ्यापर्यंत वाढवण्याच्या पर्यायावर खूण करायची आणि कड बाहेरच्या बाजूला न्यायची. शेवटी रेव्हिट विचारतं, भिंती या फ्लोअरच्या तळाला जोडू का? इथे ‘हो’ म्हणायचं. एरवी घाईत सगळे ‘नाही’ दाबतात. मग भिंत स्लॅबमधून आरपार जाते, तेवढ्या भागात वीटही मोजली जाते आणि काँक्रीटही, आणि क्वांटिटीच्या तक्त्यात घर आहे त्यापेक्षा जड होतं. फ्रेमच्या घरात असा दुप्पट हिशेब कॉलम आणि बीमच्या जागी होतो. तिथे ‘जॉइन जिऑमेट्री’ (एकमेकांत घुसलेला भाग कापणारी आज्ञा) करून पाहायचं, भिंतीनं काँक्रीटला वाट दिली की नाही. आणखी एक सांगतो, कॉलम घेताना ‘आर्किटेक्चरल कॉलम’ घेऊ नका. तो भिंतीला जोडला की भिंतीचंच मटेरियल अंगावर चढवतो. कागदावर छान दिसतो, पण काँक्रीटच्या हिशेबात त्याचा उपयोग नाही.

आता मापं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळे इथेच घसरतात.

बाजारात आपण ‘नऊ इंची भिंत’ म्हणतो. आय.एस. (भारतीय मानक) १०७७ मध्ये विटांची मुख्य मापं दोन: मॉड्युलर १९० × ९० × ९० मिलिमीटर आणि नॉन-मॉड्युलर २३० × ११० × ७०. भट्टीवरची वीट दोन्हींपेक्षा वेगळी निघू शकते, म्हणून दहा विटा ओळीत ठेवून टेप लावायचा आणि दहानं भागायचं. १० मिलिमीटरचा सांधा धरला तर मॉड्युलर विटेचा थर १०० चा आणि नॉन-मॉड्युलरचा ८० चा होतो. एका घनमीटर बांधकामात पहिल्या विटा ५०० लागतात, दुसऱ्या साधारण ४३४.

हे आकडे भरावाच्या भिंतीत फारसे सतावत नाहीत. वरून गिलावा येतो, एखादी वीट फोडून बसवली तरी कुणाला दिसत नाही. लोड-बेअरिंग भिंतीत आणि उघड्या विटकामात मात्र ते अंगावर येतात. लिंटेलचा तळ आपण सवयीनं २१०० वर ठेवतो. १०० च्या थरात २१ थर बरोबर बसतात. ८० च्या थरात २१०० म्हणजे सव्वासव्वीस थर. आता पाव थर गवंडी कुठून आणणार? तो मालाचा जाड थर देऊन वेळ मारून नेतो आणि लिंटेलखाली नेमकी तीच जागा कच्ची राहते. २०८० करा, २६ थर होतात. दोन खिडक्यांमधल्या भागाचंही तसंच. अर्धी वीट आणि एक सांधा मिळून १२० धरा. त्या पटीतून शेवटचा सांधा वजा केला की ५९०, ७१० अशी मापं येतात. सहाशे पन्नास लिहिलंत तर तिथे प्रत्येक थरात वीट फुटणार आणि सांधमोड (वरखालचे उभे सांधे एका रेषेत न येणं) बिघडणार.

गिलाव्याची जाडी हा दुसरा खड्डा. भिंतीचा टाइप बनवताना २३० ची वीट, आत १२ चा गिलावा, बाहेर २० चा असे तीन थर टाकले की भिंत २६२ ची होते. नवशिका ती मधल्या रेघेवर काढतो, पण मधली रेघ २६२ ची असते, विटेची नसते. दोन्हीकडचा गिलावा सारखा नाही, त्यामुळे वीट ४ मिलिमीटरनं सरकते. चार मिलिमीटरनं काय होतंय, असं वाटेल. पण तळमजल्याची भिंत दीड विटेची, म्हणजे ३५०, आणि वरची एका विटेची २३० असेल, तर दोन्ही मधल्या रेघेवर काढल्यावर बाहेरच्या बाजूला ६० मिलिमीटरची पायरी पडते. प्रत्यक्षात गवंडी बाहेरून ओळंबा लावतो. भिंत बाहेरून सरळ वर जाते आणि आतल्या बाजूला कट्टा सुटतो. म्हणून लोड-बेअरिंग घरात ‘लोकेशन लाइन’ (भिंत ज्या रेघेवर काढायची ती) नेहमी ‘कोअर फेस: एक्स्टेरिअर’, म्हणजे गाभ्याचं बाहेरचं तोंड, ठेवावी. फ्रेमच्या घरात ही सक्ती नाही. तिथे भिंत कॉलमच्या कोणत्या तोंडाशी मिळवायची हे पाहून ठरवा.

भिंतीवर विटांचं हॅच दिसलं की काही जण प्रत्येक वीट वेगळी मॉडेल करायला बसतात. कृपा करून करू नका. सरफेस पॅटर्न ‘मॉडेल’ प्रकारचा घ्या, म्हणजे विटा खऱ्या मापात दिसतात. ‘ड्राफ्टिंग’ प्रकारचा घेतला तर कागदाची स्केल बदलली की विटाही लहान-मोठ्या होतात. पॅटर्नची रेघ ‘अलाइन’नं जोत्याच्या माथ्याशी मिळवली की थर मोजता येतात.

खिडक्यांबद्दल थोडं. भरावाच्या भिंतीत खिडकी कुठेही सरकवा, वर बीम आहे. भार घेणाऱ्या भिंतीत प्रत्येक भोक म्हणजे भाराची वाट वळवणं. अशा भिंतींची जाडी, उंची आणि त्यांचं प्रमाण आय.एस. १९०५ मध्ये आहे. भूकंपासाठी उघड्या भागाची लांबी किती असावी आणि कोपऱ्यापासून भोक किती लांब हवं, ते आय.एस. ४३२६ मध्ये. जोत्याला, लिंटेलला आणि छपराला काँक्रीटचे पट्टे हवेत, हेही त्यातच. रेव्हिटची खिडकी भिंतीला फक्त भोक पाडते, लिंटेलचा पट्टा आपोआप येत नाही. तो सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा बीम म्हणून काढावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची मातीत रचलेली जाड दगडी घरं कोसळली. आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना धरून ठेवायला मध्ये जोडदगड नसले की अशा भिंतीचे दोन पापुद्रे सुटतात. मॉडेलमध्ये ‘स्टोन ४५०’ असा एकच थर टाकला की ते दोन पापुद्रे दिसतच नाहीत.

तिसरी जात कन्फाइन्ड मेसनरी. त्यात भिंत आधी बांधतात, कडेला विटांचे दाते सोडतात आणि कॉलम नंतर त्या दात्यांत ओततात. भार भिंतच घेते, कॉलम तिला आवळून ठेवतात. मॉडेलमध्ये हे घर आणि फ्रेमचं घर हुबेहूब सारखं दिसतं, तेच कॉलम, त्याच भिंती. फरक फक्त ओतण्याच्या क्रमात. म्हणून इथेही भिंतीला ‘स्ट्रक्चरल’ची खूण हवी, शेजारी कॉलम असला तरी.

शिकागोतल्या मोनॅडनॉक इमारतीत हे दोन्ही प्रकार भिंतीला भिंत लावून उभे आहेत. उत्तरेकडचा १६ मजली भाग १८९१ चा, विटांच्या भार घेणाऱ्या भिंतींचा. तळाशी त्या सुमारे सहा फूट जाड आहेत. दक्षिणेकडचा भाग १८९३ चा, पोलादी सांगाड्यावरचा. दोन वर्षांत भिंतीचं कामच बदललं. तिथे जाडी पाहून अंदाज बांधता येतो.

आपल्याकडे तो अंदाज फसतो. पुण्यातल्या एका जुन्या वाड्याचं मोजमाप करताना वरच्या मजल्यावर मला जवळजवळ दीड फूट जाडीची भिंत मिळाली. जाड आहे म्हणजे भार घेते, असं समजून मी वहीत ‘बेअरिंग’ लिहूनही टाकलं. मग एका कोपऱ्यात गिलावा सुटलेला दिसला. बोटानं आणखी थोडा उकरला, तर आत सागाचा खांब होता आणि त्याच्या डोक्यावर तुळई टेकलेली. विटा दोन खांबांमध्ये नुसत्या भरलेल्या होत्या. वहीतला शब्द खोडला, मॉडेलमध्ये खांब आणि तुळया आधी उभ्या केल्या, आणि त्या भिंतीच्या चौकोनातली खूण काढून टाकली.