डेंटलला सीईटी चालत नाही, आणि फिजिक्स लागतंच

'बीडीएसला (दंतवैद्यकाच्या पदवीला) राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गट पुरतो, फिजिक्स जेमतेम केलं तरी भागतं' हे गुहागर-दापोलीकडे अजून ऐकू येतं. थोरल्या भावंडांच्या वेळी सीईटीवर प्रवेश व्हायचे, त्यातूनच हा समज उरला. 2017 पासून दंतवैद्यकाचा प्रवेश नीट या देशपातळीवरच्या परीक्षेवरच होतो. सीईटीचा पीसीबी गट फार्मसी, कृषीसाठी. नीटचे गुण 720: बायोलॉजी 360, केमिस्ट्री 180, फिजिक्स 180. फिजिक्स टाळणारं पोर पाव पेपर सोडून बसतं! बारावीतही तिन्ही विषय सुटावे लागतात. गणित मात्र सक्तीचं नाही. इंजिनीअरिंगचा विचार नसेल, तर निव्वळ धास्तीपोटी ते गळ्यात बांधू नका. ते तास फिजिक्सच्या गणितांना द्या, अगदी अकरावीपासून.