वेमन बॉडी आणि साधी कापडी बॉडी: वजन नेमकं कुठे घटतं?

१९२०च्या दशकात आलिशान मोटार दोन ठिकाणी तयार व्हायची. कंपनी नुसती चॅसी, म्हणजे इंजिन आणि चाकांसकटचा खालचा पाया, विकायची आणि बॉडी दुसऱ्याच कारखान्यात बांधली जायची. बॉडी जड झाली की त्रास चॅसीला: स्प्रिंगा बसायच्या, टायर लवकर झिजायचे, चढावर इंजिन दमायचं. बेंटलीच्या तीन लिटर गाडीचं हेच झालं. लांब चॅसीवर लोक भारी बंद बॉड्या चढवू लागले आणि ते ओझं पेलायला कंपनीला साडेसहा लिटरचं इंजिन आणावं लागलं.

वजन उतरवायला कापडी बॉडी आली. पण रेक्झिन मढवलेली प्रत्येक जुनी गाडी ‘वेमन’ म्हणून दाखवली जाते, ते चूक आहे. ‘वेमन’ हे कापडाचं नाव नाही, सांगाड्याच्या बांधणीचं आहे.

साध्या कापडी बॉडीत अॅश लाकडाचा नेहमीचाच सांगाडा असतो. लाकडात लाकूड खाच पाडून बसवलेलं, सरस आणि स्क्रू मारलेले, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. फक्त वर पत्र्याऐवजी कापड. आता हिशेब करा. १८ गेजचा (सुमारे १.२ मिलिमीटर जाड) अॅल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला सुमारे ३.३ किलो भरतो. कापडाखाली आधाराला ४ मिलिमीटरचं प्लायवूड ठोकलं तर त्याचंच वजन २.४ किलोच्या आसपास. त्यावर कापूस, कॅनव्हस आणि रेक्झिन चढलं की बचत जवळपास संपली. ६ मिलिमीटरची काच तर चौरस मीटरला १५ किलो! खरं वजन काच, लाकूड आणि लोखंडात असतं, कातडीत नव्हे.

चार्ल्स वेमन हा वैमानिक. त्यानं हात घातला तो सांध्याला. त्याच्या सांगाड्यात दोन लाकडं एकमेकांना टेकतच नाहीत. टोकांमध्ये काही मिलिमीटरची फट असते आणि दोन्ही टोकं पोलादी पट्ट्यांनी, आरपार बोल्ट घालून धरलेली असतात. लाकडावर लाकूड घासत नाही, म्हणून करकर नाही. सीट बॉडीवर नव्हे, थेट चॅसीवर बसवायची, म्हणजे माणसांचा भार सांगाड्यावर येत नाही.

वजन इथे घटतं. त्या काळच्या चॅसी चांगल्याच पिळवटायच्या. एक चाक खड्ड्यात गेलं की ताठ बॉडीचे सांधे उखडायचे, म्हणून लाकूड जाड घ्यायचं, पट्ट्या वाढवायच्या, आणि बॉडी आणखी जड. वेमनचा सांगाडा चॅसीबरोबर वळतो. त्याला पिळाशी झुंजायचंच नसल्यानं बारीक लाकूड पुरतं. कापड लागतं ते याचसाठी, कारण ताणलेला पत्रा अशा वळणाऱ्या सांगाड्यावर सुरकुततो. तीव्र गोलाईपुरता धातूचा छोटा तुकडा किंवा जाळी लावायची, बाकी कापड आणि कापूस.

ओळखायचं असेल तर बाहेरून बघू नका. पुढे चकाकीची आवड परतल्यावर ‘सेमी-वेमन’ बॉड्या निघाल्या. त्यांच्या सांगाड्यावर पत्रेही असत. दाराच्या आतलं अस्तर सोडवा, खांब आणि आडव्या लाकडाचा सांधा बघा. फट आणि दोन्हीकडून पट्टी दिसली तर वेमन. लाकूड लाकडात रुतलेलं असेल तर साधी कापडी.

दुरुस्तीत सगळ्यात मोठी चूक होते ती या फटीपाशीच. ती झीज समजून कुणीतरी इपॉक्सी (वाळून कडक होणारा गोंद) भरतं. सांधा ताठ होतो, पीळ बोल्टच्या भोकांवर जातो आणि लाकूड तिथेच चिरतं. फट रिकामीच ठेवायची. कुजलेलं लाकूड बदलताना नवीन तुकडा मूळ जाडीचाच घ्यायचा, ‘थोडं मजबूत’ करायच्या मोहात पडायचं नाही. कापडाला रंगही देऊ नये: ते कडक होतं, घडीवर तडकतं, तड्यातून पाणी शिरतं, बारीक खिळे गंजतात आणि त्यांच्याभोवतीचं लाकूड आतून कुजत जातं.