वर्ग आणि निंबाळ : प्रा. रा. द. रानडे यांच्या धर्मचिंतनाची पार्श्वभूमी

नुसते ‘रानडे’ म्हटले की आपल्याकडे न्यायमूर्तीच डोळ्यांपुढे येतात. रामचंद्र दत्तात्रेय रानडे हे नाव निघालेच, तर ‘निंबाळचे गुरुदेव’ म्हणून; निंबाळ हे त्यांच्या आश्रमाचे गाव. हेराक्लिटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञावर लिहिणारा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक यात हरवतो, आणि मग त्यांचे संतवाङ्मयावरचे कामही नीट कळत नाही.

त्यांचा जन्म ३ जुलै १८८६चा, जमखंडीचा. मॅट्रिक होण्याआधीच, १९०१ साली, त्यांनी उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतले. हा इंचगेरी संप्रदाय. भाऊसाहेबांचे गुरू निंबर्गीचे महाराज लिंगायत, स्वतः भाऊसाहेब देशपांडे ब्राह्मण, मुलूख कानडी आणि नित्यवाचन मराठी दासबोधाचे! मुंबईचे निसर्गदत्त महाराज याच झाडाच्या दुसऱ्या फांदीवरचे.

इकडे पुण्यात डेक्कन कॉलेजचे शिक्षण, १९१४ला एम.ए., मग फर्ग्युसन आणि सांगलीचे विलिंग्डन. हेराक्लिटसवरचा त्यांचा छोटा निबंध वाचून श्रीअरविंदांनी आपल्या ‘आर्य’ मासिकात त्याच विषयावर लेखमाला लिहिली. १९२४ साली रानड्यांनी धर्म आणि तत्त्वज्ञान यांच्या अभ्यासासाठी अकादमी काढली. दोनच वर्षांनी उपनिषदांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. उपनिषदांतला विचार शेवटी साक्षात्काराच्या अनुभवाला जाऊन भिडतो, हा त्याचा रोख.

पण तो अनुभव तपासायचा कसा? नाम घेतलेल्या माणसाला ‘मला पटले’ एवढे पुरे होते, प्राध्यापकाला नव्हते. म्हणून त्यांनी संतांची वचने साक्षीपुराव्यासारखी गोळा केली. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांच्या ‘वचनामृतां’त ओव्या-अभंग मूळ क्रमाने येत नाहीत, विषयवार मथळ्यांखाली लावलेले आहेत. वारकऱ्याला ही मोडतोड खटकेल. साधकाची वाट कुठून कुठे जाते, हे मात्र त्यामुळे एका नजरेत दिसते.

१९३३चा ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ याच जुळणीवर उभा आहे. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांबरोबर आखलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा हा सातवा खंड. त्याआधी फक्त दुसरा निघाला होता. ज्ञानदेवांचा गूढवाद (मिस्टिसिझम, म्हणजे देवाच्या थेट अनुभवाची वाट) बौद्धिक, नामदेवकालीन संतांचा लोकशाही वळणाचा, एकनाथांचा समन्वयाचा, तुकोबांचा वैयक्तिक, रामदासांचा कर्मप्रवण, अशी त्यात वाटणी आहे. ती जरा जास्तच चापूनचोपून बसवलेली वाटते. गोरा, सावता, चोखा, जनाबाई एका ‘लोकशाही’ कप्प्यात गेले की चोख्याचे जातीचे दुःख बाकीच्यांच्या भक्तीत विरघळते. तुकोबांवरचे प्रकरण मात्र अजून ताजे आहे. सासरी निघालेली लेक मागे वळून वळून पाहते, तशी तुकोबांची देवासाठीची तळमळ. रानडे तिला ख्रिस्ती संतांच्या ‘आत्म्याच्या काळरात्री’शेजारी, म्हणजे देव दुरावल्यासारखा वाटण्याच्या त्यांच्या अवस्थेशेजारी, ठेवून पाहतात. तळमळीचा हा काळ वगळला तर पुढच्या आनंदाचे अभंग आयत्या सुखाचे वाटतील, हे त्यांनी नेमके ओळखले होते. ही ओळख पुस्तकी नव्हती. ते स्वतः तरुणपणी मरणाच्या दारातून परतले होते, आणि ते श्रेय नामाला देत.

पुढे अलाहाबाद विद्यापीठात विभागप्रमुख, काही काळ कुलगुरू. सोलापूर-विजापूर रेल्वेमार्गावरचे निंबाळ तेव्हाही सुटले नव्हते. निवृत्तीनंतर तिथेच मुक्काम. १९५४ला हिंदी संतांवरचा ग्रंथ निघाला. ६ जून १९५७ रोजी निंबाळलाच ते गेले. कन्नड संतांवरचे पुस्तक त्यानंतर छापून आले.