बाह्यकोन म्हणजे बाहेर उरलेला कोन नव्हे

सुसम पंचकोनाचा, म्हणजे सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या पंचकोनाचा, प्रत्येक आंतरकोन (आतला कोन) १०८°. मग बाह्यकोन किती? या प्रश्नाला २५२° हे उत्तर फार वेळा येतं. शिरोबिंदूभोवती एकूण ३६०°, त्यातले १०८° आत, म्हणून उरलेले बाहेर. वजाबाकी चोख आहे, पण हाती आला तो प्रविशाल कोन, म्हणजे १८०° हून मोठा कोन. बाह्यकोन हवा असेल तर पट्टी लावून पंचकोनाची एक बाजू शिरोबिंदूच्या पुढे वाढवा. वाढवलेला भाग आणि लगतची बाजू यांच्यामधला कोन हा बाह्यकोन. आंतरकोनाशी त्याची रेषीय जोडी होते, म्हणजे दोघे मिळून सरळ रेषेचे १८०° भरतात, म्हणून १८० − १०८ = ७२°.

मला वाटतं, 'बाह्य' या शब्दानेच घोळ होतो. बाह्यकोन हे खरं तर वळण आहे. आकृतीच्या कडेने चालत निघालात, तर कोपऱ्यावर सरळ जाणं सोडून जितकं वळावं लागतं तितका तो कोन. लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा १९६७ साली तयार झाली. तिच्यातलं कासव 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' अशा आज्ञांवर रेघा काढतं. समभुज त्रिकोण काढायला त्याला दर वेळी ६०° वळायला सांगितलं, तर तीन रेघा झाल्या तरी आकृती बंद होत नाही. सहा रेघांनी होते, आणि तो असतो षटकोन! आंतरकोन ६०° असला तरी कासवाला वळायचं असतं १२०°.

कडेने एक फेरी मारून मूळ दिशेला तोंड केलं की एकूण वळण ३६०°. बाजू तीन असोत वा तीस, आत खाच नसलेल्या कुठल्याही बहुभुजात प्रत्येक शिरोबिंदूपाशी एक याप्रमाणे घेतलेल्या बाह्यकोनांची बेरीज तेवढीच राहते. आंतरकोनांची बेरीज मात्र बाजूंबरोबर वाढते: बाजूंच्या संख्येतून २ वजा करा, १८० ने गुणा. त्रिकोणाची १८०°, चौकोनाची ३६०°, पंचकोनाची ५४०°. चौकोनात दोन्ही बेरजा सारख्या येतात, तेवढ्यावरून नियम बांधू नका.

म्हणून सुसम बहुभुजाचं गणित मी नेहमी बाह्यकोनाकडून सुरू करतो. आंतरकोन १५६° दिला असेल तर बाह्यकोन २४°, आणि ३६० ÷ २४ = १५ बाजू. आंतरकोन १३०° दिला तर? बाह्यकोन ५०°, भागाकार ७.२. असा सुसम बहुभुज असूच शकत नाही.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. खाच नसलेल्या बहुभुजाला शंभर बाजू असल्या, तरी त्यात तीनपेक्षा जास्त लघुकोन मावत नाहीत. आंतरकोन लघुकोन असेल तर त्याचा बाह्यकोन ९०° हून मोठा असतो, आणि असे चार झाले की त्यांचीच बेरीज ३६०° ओलांडते.