‘सेट -ई’ लावलं की स्क्रिप्ट प्रत्येक चुकीवर थांबते?

शेल स्क्रिप्ट (कमांड ओळीने लिहिलेली फाइल) लिहिणाऱ्यांना ‘पहिल्या ओळीत सेट -ई (set -e, कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारी सूचना) लिहा, मग काळजी नको,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. समजा, एका फंक्शनमध्ये आधी सीडी (cd, फोल्डर बदलणारी कमांड) आणि मग आरएम (rm, फाइली पुसणारी कमांड) आहे. ते फंक्शन इफच्या (if) अटीत बोलावलंत, की त्याच्या आत सेट -ई लागूच होत नाही. सीडी फसलं तरी आरएम चालतं, तेही भलत्याच फोल्डरमध्ये! म्हणून सीडीपुढे दोन उभ्या रेघा (||, म्हणजे ‘फसलं तर’) देऊन ‘रिटर्न १’ (return 1, अपयश कळवून फंक्शनमधून बाहेर पडणं) लिहाच.

पाइपमध्ये (|, एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारी जोडणी) फक्त शेवटच्या कमांडचं यशापयश धरलं जातं. बॅश (bash) या शेलमध्ये त्यावर उपाय म्हणून पाइपफेल (pipefail, पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी अपयश धरणारा पर्याय) चालू करा. ‘लोकल’च्याच (local, फंक्शनपुरतं व्हेरिएबल जाहीर करणारा शब्द) ओळीत कमांडचं आउटपुट साठवलंत, तर तिचं अपयश झाकलं जातं. व्हेरिएबल आधी जाहीर करा, किंमत पुढच्या ओळीत द्या. ही चूक शेलचेक (शेल स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं साधन) लगेच दाखवतं.