पाणलाव्याची शेपटी

हिवाळ्यात रामटेककडच्या एखाद्या मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, काठच्या चिखलातून किंवा कापणी झालेल्या धानाच्या बांधीतून अगदी पायाजवळून पाणलावा (इंग्रजीत स्नाइप) हा पक्षी उडतो आणि तो नेमका कोणता हे ठरण्याआधीच दिसेनासा होतो. सामान्य पाणलावा, पिनटेल स्नाइप आणि क्वचितच भेटू शकणारा स्विन्होज स्नाइप हे तिघेही तपकिरी, पट्टेदार आणि लांब चोचीचे असतात. (रंगीत पाणलावा नावापुरताच या घराण्यातला, नात्याने तो कमळपक्ष्यांना जवळचा.) या तिघांना वेगळे करण्याची रीत मुळात दुर्बिणीने नव्हे, तर बंदुकीने घालून दिली.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने सामान्य पाणलाव्याला १७५८ मध्ये शास्त्रीय नाव दिले. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १८६१ मध्ये, कलकत्त्यात जन्मलेल्या आणि चीनमध्ये ब्रिटिश कॉन्सुलेटच्या नोकरीत असलेल्या रॉबर्ट स्विन्हो यांनी आज त्यांच्या नावाने ओळखली जाणारी जात वेगळी काढली. तिघांतला पक्का फरक शेपटीत आहे. सामान्य पाणलाव्याला शेपटीची पिसे बहुधा १४ असतात, स्विन्होजला साधारण २०, तर पिनटेलला २४ ते २८, आणि त्यातली दोन्ही कडांची पिसे टाचणीसारखी अरुंद व ताठ असतात. एकोणिसाव्या शतकातील पक्षी-अभ्यासक ए. ओ. ह्यूम यांच्या काळातील शिकारी-अभ्यासकांना हे अवघड नव्हते. मारलेला पक्षी हातात घ्यायचा, शेपटी पंख्यासारखी पसरायची आणि पिसे मोजायची.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांनंतर ती वाट बंद झाली. हे बरेच झाले, पण ओळख मात्र कठीण होऊन बसली. उडताना पंखाच्या मागच्या कडेला ठळक पांढरी किनार आणि पंखाखाली फिकट पट्टा दिसला, तर तो सामान्य पाणलावा. पंखाखाली सर्वत्र दाट काळसर रेषा असतील आणि पायाची बोटे शेपटीच्या बरीच बाहेर आलेली असतील, तर पिनटेलची शक्यता अधिक. स्विन्होजची बोटे तुलनेने कमी बाहेर येतात, परंतु निव्वळ तेवढ्यावरून वहीत ते नाव लिहिणे धाडसाचेच. म्हणून आता कॅमेरेवाले बांधावर दबा धरून बसतात आणि पक्षी पिसे साफ करताना किंवा आळोखेपिळोखे देताना शेपटी कधी पसरतो याची वाट पाहतात. त्या क्षणभराच्या छायाचित्रात कडेची पिसे स्पष्ट मोजता आली, तरच स्विन्होजचा दावा टिकतो.