आजारी मजुराची बुडालेली रोजी : विदर्भातली पार्श्वभूमी

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली. किमान 20 जण दगावले. मृतांच्या कुटुंबांसाठी सरकारने 2 लाख रुपये जाहीर केले. पण जे वाचून घरी आले आणि पुढे कित्येक दिवस कामावर जाऊ शकले नाहीत, त्यांची रोजी बुडाली ती बुडालीच. कामावर झालेल्या इजेसाठी तेव्हा 1923 चा भरपाई कायदा होता आणि फवारणीचं कामही त्यात येत होतं. मात्र दावा करायचा तो मालकावर, आणि गावातला मालक म्हणजे अनेकदा स्वतःच कर्जात असलेला पाच एकरवाला. साध्या तापाला, डेंग्यूला, काविळीला तर तेवढाही आधार नाही.

कायद्याच्या आधीपासून गावचा रिवाज आहे. सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल गुढीपाडव्याला ठरतं. उचल आधी मिळते, वर्षाचे पैसे आणि धान्य ठरतं. दुखण्यामुळे खाडा पडला की तो हिशेबातून कापला जातो, नाहीतर घरातल्या कुणाला तरी बदली पाठवावं लागतं. तरी त्याचं नाव निदान एका वहीत असतं. निंदणाला जाणाऱ्या बाईचं तेही नसतं. कापूसवेचणीत तर मजुरी किलोवर, त्यामुळे तापाने फणफणत शेतात गेली तरी कमी वेचला म्हणून हाती कमीच येतं.

कापसावर मजुरी करणारे एवढे वाढले कसे, तेही पाहायला हवं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे, कारखाने उभे राहिले. 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. तिथे 1886 मध्ये पेन्शन फंड आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. त्या काळात हे फार पुढचं पाऊल होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ते गिरणीच्या फाटकाच्या आतल्यांसाठी होतं, आणि पुढचे कायदेही त्याच फाटकाशी येऊन थांबले.

जर्मनीने कामगारांचा आजारपण विमा 1883 मध्येच आणला होता. 1927 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आजारपण विम्याचे दोन करार एकाच वेळी केले, एक उद्योगातल्या कामगारांसाठी आणि दुसरा खास शेतीतल्या कामगारांसाठी. म्हणजे शेतमजूर तेव्हाही जगाच्या नजरेत होता. आपल्याकडे 1931 मध्ये कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनने हा विषय मांडला, 1944 मध्ये प्रा. बी. पी. अडारकरांनी योजनेचा आराखडा दिला. तो होता कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या उद्योगांपुरता. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना या कामाला वेग आला आणि 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारी कामगाराला वर्षातून 91 दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. आपल्या देशात आजारपणाच्या पगाराची हमी म्हणावी असं काही असेल तर ते हेच.

याच कायद्यातून हंगामी कारखाने वगळले होते. त्यांच्या यादीत पहिलंच नाव कापसाच्या जिनिंगचं होतं, त्याच्याच पुढे प्रेसिंगचं. हिंगणघाट, अकोट, वणी, खामगाव या पट्ट्यात शेताबाहेर मिळणारी कारखान्याची मजुरी बहुतेक हीच. रुईच्या धुळीत उभं राहून छाती भरून येते, खोकला लागतो, आणि त्याच कामाला विमा नाही. कारण हिशेबाचं होतं: वर्गणी सहा-सहा महिन्यांच्या टप्प्याने मोजायची, हंगामी मजूर त्यात बसत नाही. माझ्या मते ही अडचण कारकुनी होती आणि ती सोडवता आली असती. 1951 च्या मळे कामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळ्यांतल्या मजुरांना आजारपणाचा भत्ता दिलाच ना! तेही शेतातच राबतात. फरक एवढाच की तिथे मालक मोठा होता आणि मजुरांची नोंद होती.

संविधानाच्या अनुच्छेद 41 मध्ये आजारपणात सरकारी साहाय्याचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, न्यायालयात मागता येत नाही. 2017 च्या राज्याच्या दुकाने कायद्याने दिलेली वर्षाला 8 किरकोळ रजांची सोय 10 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होती. तालुक्याच्या कृषी केंद्रात तर दोन पोरं असतात. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर जखमी होऊन दवाखान्यात भरती झालेल्याला निम्मी मजुरी होती, आजाऱ्याला नाही.

उपचारांचं चित्र मात्र बदललं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला. 2012 मध्ये सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुलेंच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात अमरावती आणि गडचिरोली होते. यांतून दवाखान्याचं बिल भागतं, घरचा रोजचा खर्च भागत नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. सांधे ठणकायला लागले की माणूस दिवसच्या दिवस उठू शकत नाही, आणि हे वर्षात पुन्हा पुन्हा होतं. त्या घराला गोळ्या मोफत मिळाल्या तरी तेल-मीठ कशाने आणायचं?

जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नोव्हेंबर 2025 मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेतही विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाने वगळलेलेच आहेत.

मालक रोज बदलणाऱ्या मजुराची सोय कशी लावायची, हे महाराष्ट्राने 1969 मध्येच माथाडी कायद्याने दाखवलं आहे. माथाडी मंडळ व्यापाऱ्यांकडून मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, घेतं आणि त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा, औषधपाणी मिळतं. बाजार समितीत कापसाच्या प्रत्येक खरेदीवर सेस घेतलाच जातो. त्यासोबत खरेदीदाराकडून क्विंटलमागे थोडी लेव्ही घ्यावी, वेचणाऱ्या बायांची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी, आणि आजारपणातली निम्मी रोजी तरी त्यातून मिळावी, ही मागणी विदर्भातल्या आमदारांनी विधानसभेत लावून धरायला हवी.